अर्धवट उभा सांगाडा

३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला आणि २० माणसे गेली. पुढच्या दीड महिन्यात, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुमला एका चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावरची लिफ्ट खाली आदळली. गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग उरकून उतरणारे ७ कामगार त्यात मेले. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, पुण्यात येरवड्याच्या शास्त्रीनगरात स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी सळ्यांची अवजड जाळी रात्री कामगारांच्या अंगावर आली. ५ जण दगावले.

या तिन्ही ठिकाणी पडले काय, ते पाहा. पूल पडला नाही, इमारतही पडली नाही. पडले ते पूल उभारण्याचे यंत्र, इमारत बांधण्यापुरती लावलेली लिफ्ट आणि काँक्रीट येण्याआधीची नुसती सळई. बांधकामावरच्या सुरक्षिततेची आपली चर्चा हेल्मेट आणि पट्ट्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. माझ्या मते ती चुकीच्या टोकाला धरलेली आहे. साइटवर ज्याला सरसकट ‘इरेक्शन’ म्हणतात, त्या उभारणीच्या कामात पहिला प्रश्न असा पडायला हवा, की हा अर्धवट सांगाडा आत्ता, या घटकेला, कशाच्या आधाराने उभा आहे? ड्रॉइंगवर पुरी झालेली वास्तू असते. डिझाइनरचा हिशेबही पुऱ्या वास्तूचाच असतो. मधल्या वीस-पंचवीस दिवसांत ती वास्तू रोज वेगळी असते, रोज वेगळ्या कारणाने अशक्त असते, आणि त्या दिवसांचे ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी कोणी काढलेलेच नसते.

मोठे पूल आणि मेट्रो बातमीत येतात. पण हे दुखणे नीट पाहायचे तर चाकण, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत उभी राहणारी साधी शेड पाहावी. कारखान्यातून कापून, वेल्ड करून, रंगवून आलेले खांब आणि राफ्टर ट्रेलरवरून उतरतात. पेडेस्टलमध्ये अँकर बोल्ट आधीच ओतलेले असतात. क्रेन खांब उचलते, खलाशी म्हणजे उभारणीचे कामगार तो बोल्टांवर उतरवतात, नट आवळतात. बेसप्लेटखाली अजून ग्राउट नाही. खांब चार नटांवर किंवा लोखंडी पट्ट्यांच्या पॅकिंगवर टेकलेला. अशा शेडच्या डिझाइनमध्ये खांबाचा पाया बहुधा बिजागरीसारखा धरलेला असतो. म्हणजे शेडच्या लांबीच्या दिशेने तो खांब स्वतःच्या बळावर उभा राहावा, अशी अपेक्षा डिझाइनरने केलेलीच नाही. ते काम त्याने ब्रेसिंगवर सोपवलेले असते.

मग राफ्टर चढतो. राफ्टर म्हणजे पातळ पत्र्याचा उंच आय-सेक्शन. पर्लिन आणि खालच्या फ्लँजला धरणारे तिरके अँगल बसले की तो मजबूत. ते बसेपर्यंत त्याच्यासारखे लवचिक दुसरे काही नाही. स्वतःच्याच वजनाने तो आडवा वळू शकतो. म्हणून शहाणा क्रम असा: ज्या गाळ्यात ब्रेसिंग दाखवले आहे तो गाळा आधी घ्यायचा. त्याच्या दोन फ्रेम उभ्या करायच्या, भिंतीचे आणि छताचे फुलीचे ब्रेसिंग, ईव्ह स्ट्रट, पर्लिन असे सगळे बसवायचे, ओळंबा लावून सरळ करायचे, बोल्ट आवळायचे, आणि मगच तिसऱ्या फ्रेमला हात घालायचा. पुढची प्रत्येक फ्रेम या पक्क्या गाळ्याला पर्लिनने बांधत न्यायची. तोवर दोन्ही बाजूंनी वायररोपचे ताण हवेतच.

प्रत्यक्षात काय होते? क्रेनचे भाडे शिफ्टवर. ब्रेसिंग आणि अँगल चढवायला क्रेन लागत नाही, ते चेनपुलीनेही होते. तेव्हा क्रेन आहे तोवर ‘मोठा माल’ चढवून घ्या, बारीक माल नंतर पाहू, हा हिशेब. उभारणीचा दर टनावर ठरलेला. ब्रेसिंगचे वजन नगण्य आणि मेहनत भरपूर, त्यामुळे ठेकेदाराला त्याची घाई नाही. जोडात आठ बोल्ट असतील तर दोन घालायचे, तेही हाताने फिरवलेले, आणि क्रेनला ‘सोड’ म्हणायचे. संध्याकाळी सहा फ्रेम रांगेत उभ्या दिसतात, मालक खूश होऊन फोटो काढतो. एप्रिल-मे असेल तर चारनंतर वळवाचा वारा येतो. अशी रांग पडते तेव्हा एक फ्रेम पडत नाही; पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर.

दोन बोल्टांचा उल्लेख आलाच आहे, तर अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तिथल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने स्टील उभारणीचे नियम २००१ मध्ये नव्याने केले. ते करताना मालक, कामगार संघटना आणि फॅब्रिकेटर यांना एका टेबलाला बसवले होते. त्यामुळे ते नियम वाचताना कोणीतरी बीमवर बसून लिहिल्यासारखे वाटतात. क्रेनचा हूक सुटण्याआधी बीमच्या प्रत्येक जोडात किमान दोन बोल्ट, तेही ड्रॉइंगमध्ये आहेत त्याच मापाचे आणि ताकदीचे, आणि आवळलेले. प्रत्येक खांबाला किमान चार अँकर बोल्ट. खांबाच्या बाहेरच्या कडेपासून १८ इंचांवर ३०० पौंड वजन आले तरी खांब उभा राहिला पाहिजे. हे ३०० पौंड म्हणजे अवजारांसह खांबावर चढलेला माणूस. पुऱ्या इमारतीच्या हिशेबात या माणसाला वजन नसते. उभारणीच्या हिशेबात खांबावरचा सगळ्यात निर्णायक भार तोच. आपल्याकडे स्टील उभारणीच्या सुरक्षिततेसाठी आयएस ७२०५ ही संहिता १९७४ पासून आहे, आणि आयएस ८०० मध्ये फॅब्रिकेशन व उभारणीवर स्वतंत्र विभाग आहे. सल्लागारांच्या कपाटात दुसरी नेहमी सापडते, पहिली क्वचित.

उभारणी कशी बिघडते याचा सर्वांत तपशीलवार नोंदलेला धडा ऑस्ट्रेलियातला आहे. मेलबर्नचा वेस्ट गेट पूल १५ ऑक्टोबर १९७० रोजी बांधकाम चालू असताना कोसळला, ३५ माणसे मेली. ११२ मीटरचा पोलादी पेटीचा गाळा लांबीच्या दिशेने दोन अर्ध्या भागांत जमिनीवर बनवला होता. दोन्ही भाग वर नेऊन शेजारी ठेवायचे आणि मधोमध जोडायचे, अशी कल्पना. वर नेल्यावर कळले की दोघांच्या उंचीत सुमारे ११ सेंटिमीटरचा फरक आहे. खाली आणून दुरुस्त करणे म्हणजे वेळ आणि पैसा. म्हणून जो भाग उंच होता त्यावर आठ-आठ टनांचे काँक्रीटचे दहा ठोकळे ठेवून त्याला दाबायचे ठरले. दाबल्यावर पत्र्याला फुगवटा आला. तो फुगवटा सपाट करण्यासाठी त्या दिवशी सकाळी जोडाचे बोल्ट काढायला सुरुवात झाली. दुपारी बाराच्या सुमारास सगळा गाळा खाली आला. कामगारांच्या जेवणाच्या आणि बसण्याच्या झोपड्या त्याच गाळ्याखाली होत्या.

चौकशी आयोगाच्या अहवालात कोणालाच मोकळे सोडलेले नाही: डिझाइनर, ठेकेदार, सगळे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती चुकांची चढण. पहिली चूक मापाची, फार मोठी नव्हे. दुसरी म्हणजे ती सुधारण्यासाठी केलेला जुगाड. तिसरी म्हणजे जुगाडाने झालेले नुकसान दुरुस्त करणे. यातली एकही पायरी मूळ पद्धतीच्या कागदावर नव्हती. त्या प्रत्येक पायरीवर काम थांबवून ‘आता हिशेब पुन्हा करा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे साइटवर कोणालाच स्पष्ट नव्हते.

दिल्लीत २००९ मध्ये हीच चढण चोवीस तासांत दिसली. १२ जुलैला झमरूदपूरला मेट्रोच्या उन्नत मार्गावर खांबाच्या माथ्यावरचा, एका बाजूला बाहेर काढलेला भाग तुटला आणि लाँचिंग गर्डर खाली आला. ६ जण मेले. दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. दुसऱ्या दिवशी पडलेला गर्डर उचलायला आणलेल्या क्रेनच कोलमडल्या. अपघातानंतरचा ढीग हलवणे हीसुद्धा उभारणीच असते, तीही वाईट प्रकारची. वजन नेमके माहीत नसते, गुरुत्वमध्य माहीत नसतो, काय कशात अडकले आहे ते दिसत नाही, आणि वरून ‘लवकर रस्ता मोकळा करा’ असा तगादा.

आता उचलण्याबद्दल. क्रेनच्या अंगावर ‘५० टन’ लिहिलेले असते. ती ५० टनी असते ती दोन-तीन मीटर त्रिज्येला, बूम जवळजवळ उभा असताना. बूम वीस मीटर बाहेर काढला की तीच क्रेन काही थोड्या टनांची उरते. किती, ते तिच्या केबिनमधल्या लोड चार्टवर असते. हा तक्ता वाचता येणारा माणूस साइटवर असणे ही सुरक्षित उभारणीची पहिली अट धरली, तर आपल्याकडच्या निम्म्या साइट तिथेच नापास होतील असा माझा अंदाज आहे. क्रेन कोसळण्याचे कारण पुष्कळदा क्रेनमध्ये नसते, तिच्या पायाखाली असते. आउटरिगर काळ्या मातीवर, नुकत्याच बुजवलेल्या चरावर किंवा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर टेकवलेला असतो. खाली लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेट टाकायला दहा मिनिटे लागतात.

स्लिंगचे गणित तर शाळेतले. एक टन वजन दोन पायांच्या स्लिंगने उचलले आणि स्लिंगचा जमिनीशी कोन ६० अंश असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे ५७७ किलोचा ताण येतो. कोन ४५ अंश केला की ७०७ किलो. ३० अंशांवर पूर्ण १००० किलो. म्हणजे दोन दोरांनी उचलूनही एकेका दोरावर अख्खे वजन. लांब स्लिंग नाही म्हणून आखूड स्लिंग पसरवून लावणे हे साइटवर रोज होते, आणि करणाऱ्याला आपण दोराची ताकद निम्मी केली हे कोणी सांगितलेले नसते. वायररोपचे तुटलेले धागे मोजणे, शॅकलची पिन पूर्ण फिरलेली आहे ना हे पाहणे, धारदार कोपऱ्यावर गोणपाट किंवा अर्धा पाइप ठेवणे, लांब वजनाला टॅगलाइन बांधणे: हे सगळे जुने खलाशी न शिकवता करतात. केरळात बेपूरच्या खलाशांनी दोर, कप्पी आणि लाकडी ओंडक्यांवर अख्खी जहाजे पाण्यात ढकलली, ती याच शहाणपणावर. पण ते ज्ञान तोंडी आहे. आज मालदा, मुर्शिदाबाद, पलामू इथून आलेला वीस वर्षांचा पोरगा त्याच ‘खलाशी’ हुद्द्यावर लागतो आणि त्याच्याजवळ उस्ताद नसतो.

हायड्रा क्रेनबद्दल एक वाक्य तरी लिहिले पाहिजे. वजन पुढे लटकवून चालत जाणारी ही क्रेन, तिच्या सोबत वजनाला हात लावून चालणारा माणूस आणि पुढचे न दिसणारा ड्रायव्हर, हे त्रिकूट इतके जीवघेणे ठरले की अनेक मोठ्या कंपन्यांनी जुन्या पद्धतीच्या हायड्रावर आपल्या साइटवर बंदी घातली. लहान साइटवर ती अजून राज्य करते.

पट्ट्याला मी सुरुवातीला बाजूला ठेवले, पण त्याचे खरे काम काय ते पाहायलाच हवे. कमरेचा पट्टा पडण्यातून वाचवत नाही, कंबर मोडतो. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी तो वापरायला १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, हे आता आपल्याकडेही बहुतेकांना कळले आहे. कळलेले नाही ते अंतर. सुमारे १.८ मीटरचा दोर, ताण शोषणारे पाकीट फाटून वाढणारी मीटरभराहून अधिक लांबी, हार्नेसच्या कडीपासून पायापर्यंतचे माणसाचे अंग आणि थोडी मोकळी जागा अशी बेरीज साडेपाच-सहा मीटरवर जाते. दोर पायाशी अडकवला तर आणखी जास्त. म्हणजे चार मीटर उंचीवर काम करणाऱ्याने पायाशी अडकवलेला हार्नेस त्याला जमिनीवर आदळण्यापासून वाचवत नाही. फोटोत मात्र तो शंभर टक्के सुरक्षित दिसतो. आणि वाचलाच, तर तो दोराला लटकलेला असतो. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडते, त्यामुळे त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते. अग्निशमन दलाची वाट पाहणे ही त्यावरची योजना होऊ शकत नाही.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देते. त्यात हेल्मेट, बूट, हार्नेस असतो. चांगले आहे. पण तो हार्नेस अडकवायचा कुठे? अडकवायची जागा, म्हणजे वरची लाइफलाइन किंवा खांबाला आधीच वेल्ड केलेली कडी, हे कामगाराला संचात देता येत नाही. ते डिझाइनमध्ये यावे लागते. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगवर राफ्टरच्या वरच्या फ्लँजला दर काही मीटरवर एक छिद्र किंवा कडी दाखवायला कारखान्यात काहीच खर्च येत नाही. वर गेल्यावर तीच कडी बसवायला माणूस बिनपट्ट्याचा चढवावा लागतो. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांतली पायऱ्यांची उतरंड म्हणूनच मला पटते. आधी उंचीवरचे काम टाळता येते का पाहा, म्हणजे जमिनीवर जोडून एकदाच उचला. टाळता येत नसेल तर पडणेच रोखा, म्हणजे कठडा, प्लॅटफॉर्म, मॅनलिफ्ट. तेही जमत नसेल तर पडण्याचा परिणाम कमी करा, म्हणजे जाळी, हार्नेस. आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो, कारण ती बाजारात तयार मिळते.

जाळी हा विषय तसा जुना. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली बांधकामाच्या काळात पसरलेल्या जाळीने १९ माणसे वाचवली. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला काँक्रीटचे साचे काढायचा फिरता मचाण निसटला आणि तो जड मचाण जाळी फाडून १० जणांना घेऊन गेला. जाळी माणसाच्या वजनाची होती, मचाणाच्या नव्हे.

लिफ्टच्या डक्टला वेगळा न्याय लागतो. तिथे दोन कामे एका उभ्या रेषेत चालतात. खाली लिफ्टवाले ओळंब्याच्या तारा सोडून गाइड रेल बसवतात, वर गवंडी दरवाजाच्या कडा तोडत असतो. ठेकेदार वेगळे, मुकादम वेगळे. वरून पडलेला विटेचा तुकडा पंधरा मजले उतरतो तेव्हा तो विटेचा तुकडा राहत नाही. इथे एकच नियम पुरतो आणि तोच पाळला जात नाही: डक्टचा ताबा एका वेळी एकाकडे, चावीसकट. प्रत्येक मजल्यावरच्या उघड्या दरवाजाला खिळून टाकलेले कुंपण हवे, दोरी किंवा लाल फीत नव्हे. जमिनीतल्या भोकावर प्लायचा तुकडा नुसता ठेवला, तर एक दिवस कोणीतरी ‘प्लाय कामाचा आहे’ म्हणून तो दोन्ही हातांनी उचलतो आणि उचलता उचलता एक पाऊल पुढे टाकतो. खिळे ठोकायचे, वर रंगाने ‘खाली भोक’ लिहायचे. पूर्ण झालेल्या प्रवासी लिफ्टसाठी महाराष्ट्रात १९३९ पासून कायदा आहे, २०१७ मध्ये तो नवा झाला; उभारण्याची परवानगी आणि चालवण्याचा परवाना दोन्ही लागतात. बांधकामापुरत्या लावलेल्या दातेरी मास्टच्या लिफ्टला मात्र जागरूक साइट इंजिनिअर हाच खरा निरीक्षक. दर तीन महिन्यांनी पिंजऱ्यात वजन ठेवून, माणूस बाहेर ठेवून, वायरच्या बटणाने तो खाली सोडायचा आणि सेफ्टी गिअर त्याला पकडतो का पाहायचे. ही ड्रॉप टेस्ट शेवटची कधी झाली, असा प्रश्न लिफ्टमध्ये चढण्याआधी विचारावा. उत्तर देणारा किती वेळ घेतो, त्यावर जिने चढायचे की नाही ते ठरवता येते.

काचेच्या दर्शनी भिंती बसवणाऱ्यांचे झुले हा त्याच जातीचा प्रश्न. झुल्याचे दोर गच्चीवरच्या बीमला, बीमच्या मागे तोलाची वजने. अमेरिकेत ती वजने उलटवणाऱ्या जोराच्या चौपट धरतात. आपल्याकडे वजनाऐवजी वाळूच्या गोण्या रचल्या जातात आणि पावसाळ्यात गोणी फाटून वाळू वाहून जाते. माणसाची लाइफलाइन झुल्यापासून स्वतंत्र, गच्चीवर वेगळ्या ठिकाणी बांधलेली असली पाहिजे. ती झुल्यालाच अडकवली तर झुल्याबरोबर माणूस जातो.

कायद्याकडे वळू. बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ चा, केंद्राचे नियम १९९८ चे, महाराष्ट्राचे २००७ चे, राज्यातले मंडळ २०११ चे. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर. नियम वाचले तर वाईट नाहीत: उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक काळाने तपासणी, ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर लेखी सुरक्षा धोरण, ५०० कामगारांना सुरक्षा अधिकारी. नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; तिने बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० वर आणली. सुधारणा आहेच. पण मघाच्या शेडवर पंधरा खलाशी, दोन क्रेन आणि एक सुपरवायझर असतो. ५०० असो की २५०, हा आकडा तिथे पोहोचतच नाही. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत लहान टोळी करते, आणि कायदा डोकी मोजून जागा होतो.

या संहितेच्या नवव्या कलमाकडे मला अधिक लक्ष वेधायचे आहे. त्यात वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि डिझाइनर यांच्यावर कर्तव्य टाकलेले आहे, की उभारणी करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार नियोजनाच्या टप्प्यावरच करायचा. साधारण अशीच तरतूद १९९८ च्या नियमांतही होती. तिच्यावर बोट ठेवून एखाद्या डिझाइनरला कोणी जाब विचारल्याचे फारसे दिसत नाही. अपघात झाला की गुन्हा दाखल होतो तो उपठेकेदार, सुपरवायझर, क्रेन ऑपरेटर यांच्यावर. ते जबाबदार नसतात असे नाही. पण राफ्टरवर कडी दाखवायची राहिली, ब्रेसिंगच्या गाळ्याचा क्रम ड्रॉइंगवर लिहिला नाही, ही चूक पोलीस पंचनाम्यात येत नाही.

ब्रिटनने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. १९७२ मध्ये लॉडन नदीवरच्या पुलाचे सेंटरिंग कोसळून ३ माणसे मेली. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९८२ मध्ये तात्पुरत्या कामांची प्रमाण संहिता आली आणि ‘टेम्पररी वर्क्स को-ऑर्डिनेटर’ हे पद जन्माला आले. त्याचे काम सोपे आणि अप्रिय: तात्पुरत्या आधाराचा हिशेब कोणी केला, तपासला कोणी, बांधल्यावर तो हिशेबाप्रमाणे आहे का हे पाहणे, आणि त्याच्या सहीशिवाय भार टाकू न देणे. म्हणजे मधल्या दिवसांना एक मालक मिळाला. भारतातल्या मोठ्या मेट्रो-पूल कंत्राटांत हे पद आता कागदावर दिसते. मधल्या आकाराच्या बिल्डरकडे त्याच सहीचे काम सेंटरिंगचा मिस्त्री तोंडाने करतो.

काम कोणत्या पद्धतीने करणार हे सांगणाऱ्या मेथड स्टेटमेंटचा पसारा तर विचारू नका. साठ पानांची फाइल, त्यात हेल्मेटचे चित्र, आपत्कालीन फोन नंबर, आणि कुठेतरी आधीच्या प्रकल्पाचे नाव खोडायचे राहिलेले. ती खरी आहे की नाही, हे ओळखायला मी चार गोष्टी पाहतो: उचलायच्या प्रत्येक तुकड्याचे वजन आणि क्रेनची त्रिज्या लिहिली आहे का, कोणता तुकडा कोणानंतर, याचा क्रमांक आहे का, कोणत्या पायरीवर काम थांबवून कोणाची सही घ्यायची, ते थांबे नावानिशी दिलेत का, आणि वारा किती झाल्यावर काम बंद, हा आकडा क्रेनच्या पुस्तिकेतून घेतलाय का. हे चार असतील तर फाइल सहा पानांची असली तरी चालेल. आणि ती खलाशांना त्यांच्या भाषेत, हिंदीत किंवा बांगलात, सकाळी सामानाजवळ उभे राहून सांगितली गेली पाहिजे. इंग्रजी टूलबॉक्स टॉकच्या रजिस्टरवर अंगठे घेण्याला मी सांगणे म्हणत नाही.

याला पैसे लागतात, ही तक्रार निम्मी खरी आहे. दर टनावर ठरतो तोवर ठेकेदाराला थांबणे परवडत नाही. काही मालकांनी कंत्राटातच उभारणीचे टप्पे पाडले आहेत: ब्रेसिंगचा गाळा पूर्ण आणि तपासलेला असेल तरच पुढच्या फ्रेमचे बिल. सुरक्षिततेवरच्या शंभर भाषणांपेक्षा हा एक परिच्छेद जास्त काम करतो, कारण तो क्रेनच्या भाड्याशी स्पर्धा करू शकतो. रात्रपाळीबद्दलही असेच. शहापूर आणि येरवडा दोन्ही रात्रीचे. मुदतीला बांधलेल्या दंडाचा काही भाग रात्रीच्या उचलण्यावर बंदी घालून कमी करायला हरकत काय, हा प्रश्न सरकारी निविदा काढणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

एक बाजू नेहमी राहून जाते: उतरवणे. २७ एप्रिल २०१९ ला अमेरिकेत सिएटल शहरात टॉवर क्रेन उतरवत असताना ती रस्त्यावर कोसळली. ४ जण मेले, दोन कामगार आणि दोन गाडीतले. चौकशीत निघाले ते असे की मास्टचे तुकडे जोडणाऱ्या पिना जवळजवळ सगळ्या आधीच काढून ठेवल्या होत्या, काम लवकर व्हावे म्हणून. पुस्तिकेप्रमाणे त्या एकेका तुकड्याबरोबर काढायच्या असतात. वाऱ्याचा एक झोत आला आणि मास्टला धरायला काही उरले नव्हते. उभारताना लिहिलेला क्रम उलटा वाचला म्हणजे उतरवण्याचा क्रम होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. मधल्या काळात शेजारी इमारत उभी राहिलेली असते, क्रेन लावायची जागा गेलेली असते, गंजलेल्या पिना गॅसने कापाव्या लागतात. शिवाय आपल्याकडे टॉवर क्रेन उतरवायला येणारी टोळी बहुधा दुसऱ्याच एजन्सीची असते आणि तो मास्ट ती त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पाहते.